तेल दिसेनासे झाले म्हणजे नाहीसे झाले काय?

पावसाळ्यात भीमाशंकरच्या डोंगरमाथ्यावर पडणाऱ्या पाण्याला दोन वाटा आहेत. माथ्याच्या पूर्वेस पडलेले पाणी भीमेच्या नाही तर घोडनदीच्या अंगाने पठारावर उतरते आणि शेवटी कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेच्या कड्यावरून कोसळणारे पाणी कर्जत तालुक्यातील ओढ्यांना मिळून, कोकणाची चिंचोळी पट्टी ओलांडून, अरबी समुद्रात जाते. माणसांनीही या दुसऱ्या वाटेचा माग धरलेला आहे. जुन्नर-आंबेगावातील ज्या गावची माणसे पोटासाठी मुंबईला गेली नाहीत, असे गाव क्वचितच सापडेल. म्हणून मुंबईच्या समुद्रात जे घडते ते डोंगरातल्या कार्यकर्त्याला परके मानता येत नाही. समुद्रावर तेल सांडले की त्यावर रसायन फवारून ते ‘नाहीसे’ करण्याची जी रीत सरकारदरबारी रूढ झाली आहे, तिचा विचार आम्ही या स्तंभात मुद्दाम मांडत आहोत तो याच कारणासाठी.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. पहिले न्हावा-शेव्याहून मालाचे कंटेनर घेऊन बाहेर पडत होते, दुसरे बंदरात येत होते. ‘चित्रा’ एका कुशीवर कलले, त्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि त्याच्या टाक्यांतील जळणाचे तेल समुद्रात सांडू लागले. सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज त्या वेळी सांगण्यात आला. उरण, घारापुरी, अलिबाग या बाजूच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीच्या मुळांवर काळा थर बसला. नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर आली होती. पावसाळ्याची बंदी संपवून होड्या समुद्रात लोटण्याच्या तयारीत असलेल्या कोळीवाड्यांवर हा घाला आला. तेलाच्या धास्तीने शहरातील गिऱ्हाईक मासळीकडे पाठ फिरवू लागले, आणि जाळ्यात काही येण्याआधीच कोळणीच्या पाटीवर संक्रांत आली.

तटरक्षक दलाने जहाजे व हेलिकॉप्टर आणून तवंगावर रसायन फवारले. जवानांनी जिवावर उदार होऊन काम केले याबद्दल आम्हांस शंका नाही. प्रश्न त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचा नसून फवारलेल्या रसायनाचा आहे. ते नेमके काय करते? तेलाचा नाश करते, की तेलाची जागा बदलते? आणि निसर्ग स्वतःच्या शक्तीने तेल पचवीत असतो, त्या कामाला हे रसायन हातभार लावते की खो घालते?

या रसायनाला डिस्पर्संट म्हणतात. आपण त्याला विखुरक म्हणू. त्याची जात साबणाचीच. खरकट्या ताटावरचा तेलकटपणा नुसत्या पाण्याने जात नाही. साबण लावला की त्याचे बारीक कण होतात, ते पाण्यात मिसळतात आणि ताट लख्ख होते. परंतु तो तेलकटपणा नष्ट झाला असे कोणती गृहिणी म्हणेल? तो मोरीत गेला, एवढेच तिला ठाऊक असते. विखुरक समुद्रात हेच करते. पाणी आणि तेल यांच्यामधला ताण ते कमी करते, लाटांच्या माराने तवंग फुटतो आणि त्याचे केसाच्या जाडीहूनही बारीक थेंब पाण्यात खाली उतरतात. पृष्ठभाग स्वच्छ दिसू लागतो. तेल मात्र तेवढेच्या तेवढे समुद्रात असते. जे वर होते ते आत गेले, इतकाच फरक.

विखुरकाच्या पुरस्कर्त्यांचा दावा याच्या पुढचा आहे. समुद्रात तेल खाणारे जिवाणू असतात, हे खरेच आहे. समुद्रतळातून तेल युगानुयुगे झिरपत आले आहे आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंच्या जातीही तितक्याच जुन्या आहेत. त्यांतील ‘अल्कॅनिव्होरॅक्स’ हा जिवाणू एरवी विरळा असतो, पण तेल सांडले की झपाट्याने वाढतो. एवढेच नव्हे तर तेल फोडण्यासाठी साबणासारखा पदार्थ तो स्वतःच तयार करतो. हे जिवाणू तेलाच्या पृष्ठावर बसून काम करतात. तेव्हा तेलाचे बारीक थेंब केले की पृष्ठ वाढेल, जिवाणूंना बसायला जागा वाढेल आणि विघटन वेगाने होईल, असा हा युक्तिवाद आहे. तो तर्काला धरून आहे. परंतु निसर्गातला व्यवहार एका कारणावर चालत नाही.

भीमाशंकरच्या रानात जाऊन पाहावे. जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर साठतो. पाऊस पडला की बुरशी, किडे आणि जिवाणू त्याला लागतात आणि त्याची काळी माती होते. या कामाला ओल लागते, ऊब लागते आणि हवा लागते. आता कोणी असे म्हणाला की, पाचोळा कुटून त्याचा भुगा करा म्हणजे तो लवकर कुजेल, तर त्याचे म्हणणे चूक ठरणार नाही. पण तोच भुगा गाडीभर आणून गावच्या तळ्यात लोटला तर काय होईल? तो कुजेल खरा, परंतु कुजताना पाण्यातला प्राणवायू शोषून घेईल. पाणी नासेल आणि तळ्यातले मासे पोट वर करून तरंगतील. कुजणे वेगाने झाले म्हणून गावाचे भले झाले असे म्हणता येणार नाही. किती झाले, कोठे झाले आणि कोणाच्या जिवावर झाले, हे प्रश्न उरतातच.

समुद्रातील तेलाचे असेच आहे. जिवाणूंना तेलातून कार्बन मिळतो, पण नत्र आणि स्फुरद पाण्यातून मिळवावे लागतात, आणि प्राणवायू तर हवाच. शिवाय सगळे तेल एकजिनसी नसते. त्यातील हलका भाग काही हवेत उडून जातो, काही जिवाणू लवकर पचवतात. वलयी रेणूंचा भाग चिवट आणि विषारी असतो. डांबरासारखा जड भाग वर्षानुवर्षे तसाच राहतो. ‘चित्रा’मधून सांडले ते जहाजाच्या जळणाचे तेल होते. असे जड तेल घट्ट असते, आणि लाटांत घुसळून त्यात पाणी शिरले की त्याचा चिकट लगदा होतो. त्या लगद्यावर विखुरक फारसे चालत नाही. म्हणूनच तेल ताजे असताना, पहिल्या काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत फवारले तरच उपयोग, असे या शास्त्राचे जाणकार सांगतात. त्यानंतर केलेली फवारणी म्हणजे समुद्रात आणखी एक रसायन ओतणे होय.

या रसायनांचा इतिहासही नजरेआड करता येत नाही. मार्च १९६७ मध्ये ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर फुटले आणि एक लाख टनांहून अधिक कच्चे तेल सांडले. ते धुऊन काढण्यासाठी सुमारे १०,००० टन धुलाईची रसायने ओतण्यात आली. ती इतकी विषारी होती की खडकांवरचे शंखशिंपल्यांचे प्राणी तेलाने मेले नाहीत तेवढे औषधाने मेले. जेथे तेल तसेच सोडून दिले गेले तेथील किनारा दोनतीन वर्षांत सावरला. जेथे रसायनांचा मारा झाला तेथे काही ठिकाणी दहा वर्षांहून अधिक काळ लागला. आजची विखुरके त्या मानाने पुष्कळ सौम्य आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण रोगापेक्षा औषध भारी पडू शकते, हा धडा त्यामुळे रद्द होत नाही.

मुंबईतील टकरीआधी जेमतेम तीन आठवडे अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटाच्या दुर्घटनेत फुटलेल्या विहिरीचे तोंड बंद करण्यात यश आले होते. २० एप्रिल २०१० रोजी झालेल्या स्फोटात ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिले. तेथे सुमारे ७० लाख लिटर विखुरक वापरले गेले. त्यातील २९ लाख लिटरांच्या आसपास तर दीड किलोमीटर खोल समुद्रतळाशी, विहिरीच्या तोंडापाशी सोडण्यात आले. एवढ्या खोलीवर असा प्रयोग पूर्वी झालेला नव्हता. त्याचा एक घटक खोल पाण्यात महिनोन्‌महिने टिकून राहिल्याचे २०११ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. २०१५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आखाताच्या खोल पाण्यावर प्रयोग केले. विखुरक घातलेल्या पाण्यात तेलाचे विघटन वाढले नाही, असे त्यांना आढळले. विखुरकाच्या घटकांवरच जगू शकणारे ‘कोलवेलिया’ जातीचे जिवाणू तेथे बळावले आणि तेल खाण्यात तरबेज असलेले ‘मॅरिनोबॅक्टर’ मागे पडले. ज्यांना तेलाच्या जेवणाला बोलावले त्यांच्यातील काहींनी वाढप्याच्याच शिदोरीवर ताव मारला, असे म्हणावे लागेल.

आम्ही येथे एकच बाजू सांगून थांबलो तर वाचकांची दिशाभूल होईल. विखुरकामुळे विघटन वाढते असे दाखवणारे प्रयोगही झालेले आहेत आणि ते करणारेही जबाबदार शास्त्रज्ञच आहेत. बंद बाटलीत तेल दाटीने कोंडून केलेला प्रयोग आणि मोकळ्या समुद्रात थेंब दूरदूर पांगून जाणे यांत मोठे अंतर आहे, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१९ मध्ये या सर्व संशोधनाचा आढावा घेतला. तेलाची जात, पाण्याची खोली, उष्णता, लाटा आणि जवळपास कोणते जीव आहेत, यावर विखुरकाचा उपयोग अवलंबून असतो. सर्व ठिकाणी लागू पडेल असे एकच उत्तर नाही, असाच त्याचा रोख आहे. म्हणजे खोल, मोकळ्या, खवळलेल्या समुद्रात, ताज्या व हलक्या तेलावर, खारफुटीकडे सरकणारा तवंग वाटेतच अडवण्यासाठी विखुरक वापरणे शहाणपणाचे ठरू शकते. तेच उथळ खाडीच्या तोंडाशी जड तेलावर वापरणे घातक ठरू शकते.

मुंबई बंदराची परिस्थिती या दुसऱ्या प्रकारात मोडते. पाणी उथळ आहे, भोवती खाड्या आहेत, खारफुटी आहे, आणि शहराच्या सांडपाण्याचा लोट अहोरात्र त्यात येत आहे. या कोमट पाण्यात जिवाणूंना उबेची वाण नाही आणि सांडपाण्यामुळे नत्र-स्फुरदाचीही नाही. वाण आहे ती प्राणवायूची. खारफुटीच्या चिखलात बोटभर खाली गेले की प्राणवायू जवळजवळ संपतो, आणि तेथे गाडले गेलेले तेल कुजण्याचे काम अतिशय मंदावते. अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डिझ’ जहाजातून सांडलेले तेल दगडगोट्यांच्या खाली वीस वर्षांनंतरही सापडत होते. तेथील पाणी थंड आणि आपले कोमट, तरी धडा एकच : हवा न पोहोचणाऱ्या जागी गेलेले तेल निसर्गाच्या हातून निसटते. उथळ पाण्यात विखुरलेले तेल पुरेसे विरळ होत नाही; ते गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसू शकते. आणि त्या पाण्यातच माशांची अंडी असतात, कोळंबीची पिले असतात, तळाशी शिंपले आणि खेकडे असतात. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या तेलापासून जे जीव कदाचित वाचले असते त्यांच्याच तोंडाशी आपण ते थेंब थेंब करून नेऊन ठेवतो.

येथवर हा शास्त्राचा प्रश्न होता. येथून पुढे तो समाजव्यवस्थेचा होतो. तवंग छायाचित्रात दिसतो. तो वर्तमानपत्रात छापून येतो, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, मंत्र्यांना किनाऱ्यावर यावे लागते. पाण्याखाली गेलेले तेल छायाचित्रात येत नाही. जहाजमालकाला, विमा कंपनीला, बंदराच्या व्यवस्थापनाला आणि सरकारला तवंग लवकर दिसेनासा होण्यात हितसंबंध आहे. कोळ्याचा हितसंबंध याच्या उलट आहे. त्याचे नुकसान पुढच्या हंगामात जाळे हलके आल्यावर कळते, आणि तोवर पुरावा पाण्यात विरघळलेला असतो. नुकसानभरपाई मागायला तो गेला की त्याला विचारले जाते, ‘तेल कोठे आहे?’ तेल विखुरण्याबरोबर जबाबदारीही अशी विखुरली जाते.

जबाबदारी विखुरण्याची कला सागरी भांडवलाला पूर्वीपासून अवगत आहे. ‘चित्रा’वर पनामाचा झेंडा होता, ‘खलिजिया-३’वर सेंट किट्सचा. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे आणि किनारा आपला! तेलवाहू नसलेल्या जहाजाच्या जळणाचे तेल सांडले तर भरपाई कशी मिळावी याचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ पासून अमलात आला. भारत त्यात सामील झाला तो २०१५ मध्ये. म्हणजे २०१० मध्ये मुंबईच्या कोळ्याला त्या कराराचे छत्र नव्हते. दुसऱ्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ‘रॅक कॅरियर’ हे कोळशाचे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले आणि पुन्हा तेल किनाऱ्याला लागले. त्या प्रकरणी जहाजाशी संबंधित कंपन्यांनी १०० कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला तो ऑगस्ट २०१६ मध्ये, पाच वर्षांनी. तोही एका जागरूक नागरिकाने दाद मागितली म्हणून.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी म्हणू नये. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा-३’ हे जहाज ६४० कंटेनर आणि शेकडो टन इंधन घेऊन बुडाले. झेंडा लायबेरियाचा, कंपनी मुंबईच्या ‘चित्रा’चीच. पुन्हा तटरक्षक दलाची विमाने आली आणि पुन्हा विखुरक फवारले गेले. फरक एवढा की, केरळ सरकारने या वेळी उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा दाखल केला. राज्य सरकारने मच्छीमाराच्या बाजूने वादी म्हणून उभे राहावे, हे महाराष्ट्राने शिकण्यासारखे आहे.

मग आमची मागणी काय? विखुरकांवर सरसकट बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. शास्त्राला घोषणेने बांधून ठेवणे हा समाजवाद नव्हे. परंतु कोणते रसायन, किती, कोठे, किती खोलीच्या पाण्यात आणि कोणाच्या हुकमाने फवारले, याची नोंद आठवड्याच्या आत मराठीत जाहीर झाली पाहिजे. खाडी, खारफुटी आणि माशांच्या विणीच्या जागा यांचा नकाशा आधीच तयार करून तेथे विखुरक वापरू नये असा स्पष्ट नियम हवा, आणि तो नकाशा करताना कोळीवाड्यातील जाणत्यांना टेबलाशी बसवले पाहिजे. तेल आधी अडवावे, गोळा करावे, आणि विखुरक हा शेवटचा उपाय मानावा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे आणि नागपूरच्या ‘नीरी’कडे फवारणीनंतरच्या पाण्याची, गाळाची आणि मासळीची तपासणी किमान दोन वर्षे चालू ठेवण्याचे काम सोपवावे, त्याचा खर्च जहाजमालकाकडून वसूल व्हावा आणि निष्कर्ष लोकांपुढे यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तवंग दिसत नाही या सबबीवर कोणाचीही भरपाई नाकारता येणार नाही, अशी तरतूद कायद्यात असली पाहिजे. नुकसान झाले नाही हे सिद्ध करण्याचा भार सांडणाऱ्यावर असावा.

डोंगरातल्या कार्यकर्त्याने यात काय करावे, असा प्रश्न येईल. भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी राहतो, मुंबईच्या किनाऱ्यावर सोनकोळी. नाव सारखे, समाज वेगळे. पण घोडनदीवर डिंभ्याचे धरण झाले तेव्हा ज्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली त्यांना एक गोष्ट पुरती ठाऊक आहे : पाण्याखाली गेलेली वस्तू सरकारी कागदावरूनही हळूहळू नाहीशी होऊ लागते. जमीन बुडाली की तिचा मालक बुडतो, आणि तेल बुडाले की त्याने बुडवलेल्या धंद्याचा हिशेब बुडतो. जो हिशेब दिसत नाही तो मांडायला लावणे, हेच तर चळवळीचे काम. ज्या गावातून माणसे मुंबईला जातात त्या गावच्या सभेत हा विषय निघावा, किनाऱ्यावरच्या संघटनांनी हाक दिली तर डोंगरातून ओ जावी, अशी आमची अपेक्षा आहे.

रानातला पाचोळा कुजतो तो कोणी न सांगता. निसर्गाची पचनशक्ती मोठी आहे, परंतु ती अमर्याद नाही आणि ती कोणा कंपनीची खाजगी मोरीही नाही. तिला काम करायला वेळ द्यावा, हवा द्यावी, आणि तिच्या नावाखाली आपली जबाबदारी तिच्यावर ढकलू नये. समुद्राचा पृष्ठभाग पुन्हा निळा दिसू लागला म्हणून ज्यांना हायसे वाटते त्यांना आमचा एकच सवाल आहे : ताट तर धुतले, पण मोरी कोणाच्या दारात उघडते, ते पाहिलेत काय?